गरोदरपणाचा सातवा आठवडा: कोणत्या त्रासाला नेहमीचे समजावे आणि कोणत्यासाठी डॉक्टरांकडे जावे?

प्रश्न

नमस्कार. ही माझी पहिलीच वेळ आहे. शेवटची पाळी सुरू झाली त्याला आज ४७ दिवस झाले असून घरी केलेल्या किटवर दोन रेषा आल्या आहेत. फोडणीच्या वासाने मळमळते, दुपारी चारनंतर डोळे उघडे ठेवणे कठीण होते, छाती जड होऊन दुखते आणि रात्री लघवीसाठी तीनदा उठावे लागते. परवा अंगावरून तपकिरी डाग गेला, एकदाच. ओटीपोटात मात्र अधूनमधून ओढल्यासारखे वाटते. सासूबाई म्हणतात की हे सगळ्यांनाच होते. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. तोवर थांबावे का? शिवाय दवाखान्यात मला सातवा आठवडा सांगितला, तो माझ्या हिशेबात बसत नाही.

पहिला प्रतिसाद

ताई, मी प्रसूती विभागात परिचारिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. आठवडे गर्भ राहिल्यापासून नव्हे, तर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे तुमच्या मनातल्या हिशेबापेक्षा साधारण दोन आठवडे जास्त येतात. मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची बारा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते; ती फक्त सकाळीच होते हा समज खरा नाही. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढल्याने झोप येते आणि आतड्यांची हालचाल मंदावून बद्धकोष्ठही होतो, तर मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त वाढल्याने लघवी वारंवार होते. यांत काळजीचे काही नाही. लघवी करताना जळजळ किंवा ताप असेल, तर मात्र तपासणी हवी.

डागाच्या बाबतीत मी सासूबाईंशी सहमत नाही. असे डाग पुष्कळदा निरुपद्रवी ठरतात हे खरे, पण गर्भ गर्भाशयातच आहे की गर्भनलिकेत, हे सोनोग्राफीशिवाय कळत नाही. म्हणून पुढच्या आठवड्याची वाट न पाहता उद्याच दवाखान्यात फोन करून डागाविषयी सांगा आणि रक्तगट तपासून घ्या. पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाला दुखणे, भोवळ किंवा जास्त रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर रात्र असली तरी १०८ला फोन करून रुग्णालय गाठा.

दुसरा प्रतिसाद

"सगळ्यांनाच होते" या वाक्यामुळे मी आठ दिवस घालवले, म्हणून लिहीत आहे. पाण्याचा घोटही टिकत नव्हता, लघवी गडद पिवळी आणि अगदी थोडी होत होती, वजन चार किलोंनी उतरले होते, तरी कोरड्या उलट्यांसाठी कोणी दवाखान्यात जाते का, असे घरात म्हणत राहिले. शेवटी दोन दिवस सलाईन लावावे लागले. उलट्यांवर गरोदरपणात चालणारी औषधे आहेत, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. मी उगाच सोसत बसले.

मला उपयोग झाला तो अंथरुणातून उठण्यापूर्वी भाकरीचा कोरडा तुकडा किंवा ज्वारीच्या लाह्या खाण्याचा, आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा. फॉलिक अ‍ॅसिड घेत नसाल, तर तेही आजच विचारा, कारण बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया याच आठवड्यांत घातला जातो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघींची मनापासून आभारी आहे. फोन केल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावले. गर्भ गर्भाशयातच आहे आणि हृदयाचे ठोके दिसले. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह निघाला; बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर माझे शरीर त्याच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, त्यामुळे यजमानांचाही तपासायला दिला असून, यापुढे थोडाही रक्तस्राव झाला तर त्याच दिवशी कळवायला सांगितले आहे. सासूबाई सोबत आल्या होत्या आणि ठोके पाहून त्यांचे डोळे भरून आले. फोडणी आता त्याच देतात.