मदत हवी आहे: खाली बसणाऱ्या आज्यांचा सेन्सर डेटा 'खराब' म्हणून काढून टाकायचा का?

नमस्कार मंडळी, मी नागपूरची, फिजिओथेरपिस्ट आहे, महालात क्लिनिक आहे. प्रश्न थोडा लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कारण अर्धवट सांगितला तर सगळे सेन्सर बदला एवढंच सांगतात.

गेल्या दिवाळीपासून आम्ही तीन ठिकाणचे लोक मिळून एक छोटा अभ्यास करून राहिलो. मी आणि माझी एक मैत्रीण, इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर आणि त्यांची चार पोरं, आणि अ‍ॅनालिसिस करणारी बाहेरगावची एक टीम. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच सुरू केलं. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळातले 23 जण, सगळे 65 च्या वरचे, कंबरेच्या मणक्यावर पट्ट्याने हालचाल मोजणारा सेन्सर लावायचा आणि सात दिवस घरी नेहमीसारखं वागू द्यायचं.

हे काहून करावं वाटलं ते सांगते. क्लिनिकमध्ये मी टीयूजी (टाइम्ड अप अँड गो) टेस्ट घेते, खुर्चीतून उठा, 3 मीटर चाला, वळा, परत येऊन बसा, आणि स्टॉपवॉच. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. पण माझ्यासमोर सगळेच जीव लावून चालतात हो! घरी रात्री बाथरूमला उठताना, उंबरा ओलांडताना काय होते ते मला दिसतच नाही, आणि माणूस पडतो तो तिथंच.

आता अडचण. आमच्या एक आजी आहेत, 74 वर्षांच्या, गुडघे दुखतात, काठी घेतात. त्यांचा एक तासाचा व्हिडिओ त्यांच्याच घरी त्यांना विचारून घेतला. भाजी निवडायला खाली मांडी घालून बसतात. उठताना आधी पदर खोचतात, उजवा तळवा जमिनीवर, मग डाव्या गुडघ्यावर हात, मग भिंत, मधे अर्धवट वाकून थोडं थांबतात, श्वास घेतात, आणि मग उभ्या. मग देवघरापर्यंत सहा-सात पावलं, थांबणं, परत चार पावलं. मी व्हिडिओ पाहून मोजली तर 62 पावलं झाली, सॉफ्टवेअरने सांगितली 19. आणि ते अर्धवट वाकलेलं उठणं त्याला काही समजलंच नाही, 'अज्ञात हालचाल' म्हणून टाकलं.

अ‍ॅनालिसिसवाल्या टीमचा मेल आला की अशा 9 जणांचा डेटा क्वालिटीत बसत नाही, काढून टाका, बाकीच्यांचे आकडे सुंदर येऊन राहिले. मला ते वाचून खरंच खूप वाईट वाटलं, दोन दिवस डोक्यातून जाईना. कारण ते 9 जण म्हंजे काठीवाले, खाली बसणारे, हळू चालणारे. ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू केलं तेच बाहेर. जे उरले ते रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जाणारे, त्यांना माझी गरजच काय.

तर विचारायचं असं की हा डेटा वाचवता येतो का, सेन्सर दुसरीकडे लावावा लागेल का, आणि टीमला कोणत्या भाषेत समजवायचं की हा खराब डेटा नाही. अजून एक, मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर जातो, पट्ट्याखाली घामोळं येते, आणि पाचवारीत पट्टा परकराच्या नाडीवर सरकत राहते. कोणी साडीतल्या बायकांवर हे केलं असेल तर नक्की सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आहे, याच विषयात. आधी एक, तुमचा सेन्सर खोटं बोलत नाहीये, अल्गोरिदम, म्हणजे सिग्नलवरून पावलं ओळखणारी सॉफ्टवेअरमधली पद्धत, चुकीच्या माणसांवर शिकलाय. कंबरेवरचा सेन्सर पाऊल टेकताना बसणारा झटका मोजतो, हळू चालताना, पाय घासत चालताना तो झटका इतका लहान होतो की ठरवलेल्या रेषेच्या खालीच राहतो, म्हणून 62 चे 19. मनगटावर तर अजून वाईट, काठी धरली की हात झुलतच नाही.

युरोपात 2019 पासून न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने मोबिलाइज-डी नावाचा मोठा प्रकल्प झाला, पार्किन्सन, एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार), सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) आणि खुब्याच्या फ्रॅक्चरचे पेशंट, कंबरेवर सेन्सर, सात दिवस, म्हणजे तुमच्यासारखंच. त्यांनी चालण्यात जास्त अडचण असणाऱ्यांसाठी अल्गोरिदमचा वेगळा संच ठेवला, एकच माप सगळ्यांना लावलं नाही. त्यांचा कोड खुला आहे, मोबगॅप शोधा, पायथॉनमध्ये आहे, पोरांना जमेल. तुमच्या टीमला हेच दाखवा. पण खाली बसण्याचं उत्तर त्यातही मिळणार नाही, तिकडे माणूस खुर्चीत बसतो.

बसणं-उभं राहणं कंबरेवरून ओळखणं मुळातच अवघड, कारण दोन्हीत धड सरळच असतं. मांडीवर दुसरा सेन्सर लावा, उभं राहिलं की मांडी उभी, बसलं की आडवी, गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून लगेच कळतं. खुर्ची की जमीन हे मात्र मांडीवरूनही कळत नाही, दोन्हीकडे आडवीच. त्यासाठी पोटरीवर तिसरा, खुर्चीत पोटरी उभी असते, मांडी घातली की आडवी. सातही दिवस तीन सेन्सर नका लावू, आजी कंटाळतील. एक दिवस तीन लावा, त्यावरून कंबरेच्या सिग्नलमध्ये जमिनीवरून उठणं कसं दिसतं ते शिकवा, बाकी दिवस एकच.

आणि व्हिडिओ सुरू केल्यावर कॅमेऱ्यासमोर सगळे सेन्सर एकत्र धरून तीनदा ठोका, शेवटी परत तीनदा. प्रत्येकाचं घड्याळ थोडं पुढे-मागे होतं, हे केलं नाही तर नंतर जुळवताना रडू येतं. व्हिडिओवर खुणा करायला ईलॅन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे.

प्रतिसाद २

बेटा, मी 71 वर्षांचा आहे, प्रतापनगरला राहतो. अशाच एका अभ्यासात मी पट्टा लावला होता, तुमचा नाही, दुसरा. सात दिवस लावला, परत दिला, त्यानंतर कोणी काही सांगितलंच नाही. मी किती चाललो, बरा की वाईट, काहीच नाही. आमचे मंडळातले लोक म्हणून पुढच्या वेळी नाही म्हणाले. तुम्ही निदान एक कागद द्या, मोठ्या अक्षरात, मराठीत. आणि ज्यांचा डेटा काढून टाकाल त्यांना काय सांगाल याचा विचार करून ठेवा, ते विचारतीलच.

प्रतिसाद ३

साडीबद्दल: पट्टा परकराच्या वर नको, आत कॉटनच्या पातळ बनियनवर, आणि आतल्या बाजूने मऊ मलमलची घडी. घरातली बाई लावून देणारी असली पाहिजे. रोज आंघोळीनंतर घडी बदला. शक्य असेल तर एप्रिल-मे टाळाच, त्या दिवसांत लोक तसेही दुपारी हलत नाहीत, तुमचे सात दिवस नेहमीसारखे राहत नाहीत.

बाहेरगावची टीम म्हणजे परदेशातली असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते का ते आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आधी विचारा. आणि कोणाला वगळायचं याचा नियम आकडे बघण्याआधी लिहून तिघांच्या सह्या घ्यायला हव्या होत्या, आता निदान दोन्ही निकाल छापा, 23 जणांचा आणि 14 जणांचा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काकाजी, तुमचं वाचून डोळे भरून आले, मी 23 पैकी एकालाही अजून कागद दिला नाही. ते आधी, बाकी नंतर.

कॉलेजच्या सरांना पोटरीवाली आयडिया दाखवली, ते लगेच तयार झाले. टीमला मेल टाकला की वगळणं मान्य नाही, दोन्ही निकाल द्यायचे, आणि सोबत आजींच्या व्हिडिओतला उठण्याचा तेवढा भाग, चेहरा झाकून, त्यांची परवानगी घेऊन पाठवला. आजी म्हणाल्या, दाखव की, मी कशी उठते ते त्यांनाही दिसू दे.

पोटरीवर बांधायला लवचिक पट्टे लागतील, गुडघ्याखाली सूज असलेल्यांना न रुतणारे. नागपुरात सीताबर्डीत कुठं मिळतात का, की शिवूनच घ्यावे? कोणी शिवले असतील तर कापड कोणतं वापरलं ते सांगा.