रि: रि: नैरोबीची बदली घ्यावी की नको?

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाहीये, तरी विचारतो. कंपनी मला ओस्लोहून नैरोबीला पाठवतेय, तीन वर्षांसाठी. मुलगी चार वर्षांची आहे. मी आपला नेटवर वाचत बसलो तर मानव विकास निर्देशांकात नॉर्वे दुसरा आणि केन्या १४० च्या पुढे, इथे सरासरी आयुष्य ८३ आणि तिथे साठीच्या थोडं पुढे. हे वाचून बायको म्हणाली की मग विचार कसला करतोयस. पण आकड्यांवरून घर कसं ठरवायचं? तिथे राहिलेलं कोणी आहे का लिस्टवर, खरं काय ते सांगा प्लीज.

---

अरे बाबा, मी राहिलोय ना. २००६ ते २०१५, नऊ वर्षं नैरोबी, आणि तेव्हापासून इथे स्टॅव्हेंगरला. लांब मेल होणार आहे, चहा घेऊन बस.

आकडे खरेच आहेत, पण तुला ते तिथे दिसणार नाहीत. तू कुठे राहशील तर वेस्टलँड्स नाहीतर लॅव्हिंग्टन, कंपाउंडची उंच भिंत, वर करंटची तार, गेटवर आस्करी म्हणजे वॉचमन, गच्चीवर पाण्याची टाकी, मागे जनरेटर, घरात कामाला बाई. इथे तू स्वतः बर्फ उपसतोस, स्वतः भिंती रंगवतोस, आणि घरी प्लंबर बोलवायचा तर आधी दोन दिवस विचार करतोस. म्हणजे तुझं राहणीमान तिकडे गेल्यावर वर जाणार, खाली नाही! हवेचं तर बोलूच नको, सोळा-सतराशे मीटरच्या वर आहे शहर, बारा महिने स्वेटर घालू की नको असं. डिसेंबरात ओस्लोत सव्वातीनला अंधार पडतो तेव्हा तुला आठवण येईल बघ.

पण गोम अशी आहे की नॉर्वेत जे सगळ्यांना मिळतं ते तिथे तू एकटा विकत घेतोस. पाणी, वीज, सुरक्षा, शाळा, डॉक्टर, सगळं. ज्याला विकत घेता येत नाही तो तुझ्या भिंतीपलीकडे २० लिटरच्या पिवळ्या कॅनने पाणी आणतो आणि लिटरमागे तुझ्यापेक्षा जास्त पैसे मोजतो. हे मला कळायला दोन वर्षं लागली, कारण बिल माझ्या नावावर यायचं आणि कॅन मी कधी विकत घेतलाच नव्हता.

विजेचं सांगतो, माझा विषय आहे. दोन्ही देश विजेच्या बाबतीत चक्क एका पंगतीतले आहेत, हे कोणाला खरं वाटत नाही. नॉर्वेची जवळजवळ सगळी वीज धबधब्यांची आणि वाऱ्याची. केन्याचीही दहातली नऊ भाग नूतनीकरणीय, त्यातली जवळपास निम्मी जमिनीखालच्या वाफेची, नैवाशाजवळ ओल्कारियाला. तिथे उभं राहिलं की पायाखालून भसाभसा वाफ येत असते, झेब्रे आपले पाइपांच्या कडेने चरतायत. ते बघून मी पहिल्यांदा म्हटलं की हे लोक मागे कसे? मग हिशोब केला. नॉर्वेत माणशी वर्षाला वीस हजार युनिटच्या वर वीज लागते, केन्यात दोनशेच्या आसपास. शंभरपट फरक! वीज स्वच्छ आहे, पण पोचतेय कुठे? तुर्काना तलावाच्या काठी ३६५ पवनचक्क्या उभ्या केल्या, ३१० मेगावॉट, त्यात आपल्या नॉर्वेच्या नॉरफंड या सरकारी गुंतवणूक फंडाचाही पैसा होता. २०१७ ला चक्क्या तयार आणि वीज वाहून न्यायची चारशेहून जास्त किलोमीटरची लाइनच तयार नाही, झाली ती २०१८ ला. तोपर्यंत चक्क्या नुसत्या उभ्या. तिथलं बरंच काही असं आहे, टोकाला मशीन उत्तम आणि मधली तार गायब.

आणि कधीकधी तारेशिवायच काम होतं. एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, २००७ च्या मार्चमध्ये आलं तेव्हा मी तिथेच होतो. पेसा म्हणजे आपला पैसाच बरं का, गाडीला 'गारी' आणि दुकानाला 'दुका' म्हणतात तसा. साध्या बटणांच्या फोनवरून भाजीवालीला पैसे. नंतर डिसेंबरच्या निवडणुकीवरून दंगली पेटल्या, हजारावर माणसं मेली, रस्ते बंद, बँका बंद, तेव्हा अडकलेल्या माणसांना नातेवाईक फोनवरून पैसे धाडत होते. नॉर्वेत फोनवरून असे पैसे पाठवायला व्हिप्स आलं २०१५ ला, आणि इथले लोक मला ते कौतुकाने दाखवायचे, मी आपला गप्प.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईचा नवरा बोडाबोडा चालवायचा, म्हणजे मोटारसायकलची टॅक्सी. एका रात्री ट्रकने उडवला. पाय मोडला, ऑपरेशन झालं, आणि मग बिल भरल्याशिवाय हॉस्पिटल सोडेना. तिथे हे नवीन नाही, कोर्टाने बेकायदा ठरवूनसुद्धा चालतं. त्याच संध्याकाळी त्यांनी हरांबे केलं. हरांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं, केन्याचं ब्रीदवाक्यच आहे, राजचिन्हावर लिहिलंय. (रेल्वे बांधायला नेलेल्या आपल्या मजुरांच्या 'हर अंबे'वरून शब्द आला असं काहीजण सांगतात. मला ही गोष्ट आवडते म्हणून सांगतो, खरी असेलच असं नाही.) तर चर्चचे लोक, गावचे लोक, स्टँडवरचे बाकीचे बोडाबोडावाले, कोणी पन्नास शिलिंग कोणी दोनशे, आणि आठवड्यात माणूस घरी. मी इतकं भारावून गेलो होतो की काय सांगू.

इथे तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशय काढलं. अकरा आठवडे वाट बघायला लागली, ऑपरेशनचे पैसे शून्य. घरी आलो, शेजाऱ्याला कळलंसुद्धा नाही, त्याने दुसऱ्या दिवशी हॅलो केलं आणि गेला. माणुसकी म्हणशील तर केन्या. जा तू, बिनधास्त जा, मुलीला चार माणसं तरी मिळतील.

---

काका, सॉरी पण मला मध्ये पडायलाच पाहिजे. मी नैरोबीत वाढलेय, पार्कलँड्समध्ये, आजोबांच्या वेळेपासून आम्ही तिथे. आणि 'माणुसकी म्हणशील तर' असं कोणी सुरू केलं ना की माझं डोकं फिरतं.

तुम्ही हरांबे घेणाऱ्याच्या बाजूने बघितलंत, तेही एकदाच. माझ्या शाळेतली मैत्रीण नर्स आहे तिथे, सरकारी पगार. तिच्या फोनवर महिन्याला किती हरांबे येतात माहितेय? चुलतभावाची फी, काकाचं डायलिसिस, कुणाची मयत, कुणाचं लग्न. नाही म्हणायची सोय नाही, कारण उद्या तिच्यावर वेळ आली तर याच लोकांकडे जायचंय. तुम्ही त्याला माणुसकी म्हणता, मी टॅक्स म्हणते. फक्त या टॅक्सला स्लॅब नाही, पावती नाही, आणि ज्याचे नातेवाईक जास्त गरीब त्याला जास्त लागतो. इथे माझ्या पगारातून कापतात तेव्हा मी कुरकुर करते, पण निदान स्टॅव्हेंगरमधल्या कुठल्या काकांचं पित्ताशय काढलं हे मला माहीत नसतं आणि त्यांना माझे आभार मानत फिरायला लागत नाही 🙂

आणि ट्रकने उडवलेल्या माणसाचं हरांबे झालं कारण त्याला स्टँड होता, चर्च होतं. नुकत्याच गावाहून आलेल्या, कोणी ओळखत नसलेल्या पोराचं काय? तो हॉस्पिटलमध्येच राहतो.

दुसरं म्हणजे नॉर्वेला तेल लागलं म्हणून हे सगळं झालं असं इथे मंडळात पण सगळे म्हणतात. उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेल सापडलं १९६९ च्या शेवटी. म्हातारपण, अपंगत्व, विधवा, सगळ्यांची पेन्शन एकत्र करणारा फोल्केत्रिग्दचा, म्हणजे राष्ट्रीय विम्याचा कायदा लागू झाला १ जानेवारी १९६७ ला. आधी नळ जोडले, मग टाकी भरली! तेल कंपन्यांवर ७८ टक्के कर लावायचं धाडस, तेलाचा पैसा वेगळा ठेवायचा १९९० चा कायदा, ही सगळी वसुली आणि वाटप आधी जमलेल्या लोकांची कामं आहेत. आणि हे काही जन्मजात हुशार नव्हते, शे-सव्वाशे वर्षांत आठेक लाख नॉर्वेजियन पोटासाठी अमेरिकेला गेले होते.

केन्यात तुर्कानाला तेल लागलं २०१२ ला. माझे बाबा तेव्हा म्हणाले होते, आता बघ. बघतोच आहोत.

पण सरकारला शिव्या घालून भागत नाही. कामगारांतले पाचातले चार जुआ काली, म्हणजे 'कडक ऊन', उन्हात बसून वेल्डिंग करणारे, टपरीवाले, ज्यांना पगाराची स्लिपच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून नवीन आरोग्य विमा आलाय, पगाराच्या २.७५ टक्के कापतात. पण पगारच नाही त्याचं कशातून कापणार? नर्सचं कापलं जातं, आणि वर हरांबेही आहेच. इथे टॅक्स ऑफिसला माझ्या आधी माझा पगार माहीत असतो, आणि शेजाऱ्याचं उत्पन्न मला ऑनलाइन बघता येतं. (बघितलं तर त्याला कळतं की मी बघितलं, म्हणून बघत नाही.)

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल नुसतीच चिडते. २००३ ला प्राथमिक शाळेची फी काढली तेव्हा आमच्या गल्लीतल्या भाजीवालीची तिन्ही मुलं एका सोमवारी शाळेत गेली, एका वर्गात शंभर-शंभर पोरं होती पण गेली. २०१७ ला प्लॅस्टिकच्या पिशव्या बंद म्हटल्यावर खरंच बंद झाल्या. एम-पेसामुळे १ लाख ९४ हजार कुटुंबं अति गरिबीतून वर आली असा अभ्यास 'सायन्स'मध्ये आला होता २०१६ ला. म्हणजे सरकारने तार ओढली की लोक बटण दाबायला तयार असतात. तुमच्या पवनचक्कीचाच मुद्दा, काका.

---

ताई, मान्य. पावती नसलेला टॅक्स हे मला सुचलं नव्हतं. आता लिहितोच. नैरोबीत आमच्याकडे काम करणारी ती बाई अजून मला मेसेज करते. गेल्या महिन्यात तिच्या मुलीची कॉलेजची फी होती. मी पाठवतो, दर वेळी पाठवतो, आणि खरं सांगू का, कधी कधी मेसेज आला की दोन दिवस उघडत नाही.

बाकी इथेही हरांबे आहे हं, दुग्नाद म्हणतात त्याला. गेल्या रविवारी सोसायटीत होतं, पानं गोळा केली, बाकांना रंग दिला, सॉसेज खाल्ली. रंग देताना शेजारी माझ्याशी तासभर बोलला. त्याच्या बायकोचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय वर्षभरापूर्वी, मला पत्ताच नव्हता. पैशाचा विषय त्याने काढलासुद्धा नाही, तो नव्हताच ना कुठे. मी आपला ब्रश धरून ऐकत होतो आणि मलाच कळेना की मी त्याच्यासाठी काय करू शकतो.

---

काका, ताई, खूप थँक्स. तुमचे मेल बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली जाऊया, पण दोन अटी. एक, बाई ठेवायची तर तिचा विम्याचा हप्ता आणि मुलांची फी पगारातच धरायची, लेखी, म्हणजे तिला मागायला लागू नये. दोन, तरीही हरांबे येणारच, तर बजेटमध्ये त्याची वेगळी ओळ. ताई, किती धरू?

---

पगाराच्या दहा टक्क्यांपासून सुरू कर, आणि ती ओळ आस्करीला सांगू नकोस 😄 बाई लेखी मागणार नाही, तूच द्यायचं. पिवळ्या तापाची लस आधी घेऊन ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. तेव्हा बाई 'सा तातू'ला येते म्हणाली तर तातू म्हणजे तीन हे बरोबर आहे, पण ती येणार सकाळी नऊला. माझ्या आईला लग्नानंतर हे कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या दिवशी कामाची बाई दारात सहा तास बसली होती.