मदत हवी आहे : अथेन्सच्या सभेत हात मोजायचे कसे?

इ.स.पू. ४२७. अथेन्सविरुद्ध बंड केलेल्या, लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनी शहरातले सगळे प्रौढ पुरुष मारा, बायका-मुलांना गुलाम करा, असा ठराव अथेन्सच्या सभेने केला आणि तो हुकूम घेऊन जहाज रवानाही झालं. दुसऱ्या दिवशी लोकांना पश्चात्ताप झाला, पुन्हा सभा भरली. क्लेऑन नावाचा पुढारी म्हणाला, ठराव बदलू नका. डायोडोटसने विरोध केला. हात वर झाले, जवळजवळ निम्मे-निम्मे! डायोडोटस जिंकला. मग कत्तल थांबवायला दुसरं जहाज सुटलं. वल्हेकरी वल्ही मारता मारताच दारू-तेलात कालवलेलं सातूचं पीठ खात होते. ते वेळेत पोचले, हे वाचताना अजूनही गळा दाटून येतो.

माझं अडलंय ते इथे: इतक्या चुरशीत हात मोजले कोणी? एकेक करून, की नुसत्या अंदाजाने? जाणकारांनी कृपया सांगा. यावर मराठीत काही वाचायला मिळेल का?