शब्दचर्चा : ब्राइटनेस 'बारीक' करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

शाईदौत : मोडी कागदांचे स्कॅन वाचायला नवी मंडळी आली आहेत. त्यांच्यासाठी एकपानी मराठी टिपण लिहितोय. शाई विटलेली, कागद पिवळा, त्यामुळे चित्र उघडलं की आधी उजेडाची जुळवाजुळव. चित्रं बघायच्या इर्फानव्ह्यू या प्रोग्रॅममध्ये शिफ्ट आणि जी दाबलं की रंगदुरुस्तीची चौकट उघडते. एमपीव्ही मूळचा व्हिडिओसाठी, पण चित्रंही दाखवतो. तिथे चौकटसुद्धा लागत नाही. ३ दाबलं की ब्राइटनेस एका पायरीने उतरतो, ४ दाबलं की एका पायरीने चढतो. फोटो सुधारायच्या डार्कटेबल या प्रोग्रॅममध्ये पट्टीवर माउसचं चाक फिरवताना कंट्रोल धरलं तर पाऊल दहापट लहान होतं, शिफ्ट धरलं तर दहापट मोठं.

मी लिहिलं, 'ब्राइटनेस बारीक करायचा असेल तर कंट्रोल धरा.' एका वाचणाऱ्या ताईंनी लगेच विचारलं, "बारीक म्हणजे कमीच ना? मग वाढवायला काय धरू?" त्यांच्या घरी गॅस बारीक करतात, रेडिओ बारीक करतात. मला म्हणायचं होतं लहान लहान पावलांनी, मग दिशा कुठलीही असो. दोन्ही अर्थ खरे आहेत. पण टिपणात एकच चालेल. काय लिहू? ब्राइटनेसलाही शब्द सुचवा.

घाटमाथा : ताई बरोबर आहेत. आमच्याकडे कंदील होता तेव्हा आजी 'वात बारीक कर' म्हणायची. वात खाली ओढली की ज्योत खरंच बारीक व्हायची. 'कमी' हा अर्थ तिथूनच आला असणार. तुम्ही 'करणे' काढून टाका. 'बारीक बारीक पायऱ्यांनी' लिहा, कुणी चुकणार नाही.

शुद्धमती : बारीक हा फारसी शब्द आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही का? शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तो याच कळकळीतून. 'दीप्तीचे सूक्ष्म समायोजन' असं लिहा. नेमकं आहे, भारदस्त आहे, आणि दोन अर्थांची भानगड नाही.

खडूफळा : समायोजन नको हो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे समायोजन म्हणजे अतिरिक्त शिक्षकांचं. यादी लागते आणि घरदार हलवावं लागतं. हा शब्द बघून एकही शिक्षक ते टिपण पुढे वाचणार नाही. आणि 'बारीक' फारसी म्हणून टाकायचा तर 'कागद' आणि 'शाई'ही टाका. मोडी वाचायची कशावर?

शुद्धमती : रुळलेले शब्द काढा असं मी म्हटलेलं नाही. नवा शब्द घडवताना तरी आपल्या धातूंकडे बघावं एवढंच म्हणणं आहे. महापौर, दिनांक हे शब्दही कुणाला तरी सुरुवातीला परकेच वाटले असतील.

मिरजकर : मी सीटीस्कॅनवर काम करतो. आमच्या पडद्यावर ब्राइटनेस असं कुणी म्हणत नाही, 'विंडो' म्हणतात, म्हणजे मोजपट्टीचा जेवढा तुकडा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायचा तेवढा. मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००. मेंदू बघायचा तर विंडोची रुंदी साधारण ८० आणि मध्य ४० ठेवतात. फुप्फुसाला रुंदी १५०० आणि मध्य उणे ६०० च्या आसपास. मध्य सरकवला की चित्र उजळतं किंवा काळवंडतं. रुंदी कमी केली की काळं-पांढरं तुटक होतं. आमचे सर म्हणतात, 'विंडो जरा बारीक कर', म्हणजे अरुंद. तेव्हा हा तिसरा अर्थ धरा. उजेड तेवढाच राहतो, कॉन्ट्रास्ट वाढतो.

कलरलॅब : रोलच्या काळात मी प्रिंटिंग मशिनवर बसायचो. तिथे 'डेन्सिटी'च्या कळा असायच्या. अधिक दाबलं की प्रिंट गडद, उणे दाबलं की उजळ. एमपीव्हीच्या अगदी उलट. त्यामुळे नुसतं 'वाढवा' लिहिलंत तरी आमच्यासारखा माणूस विचारणार, काय वाढवू? उजेड की काळोख? मी तर सरळ लिहीन, 'थोडं थोडं उजळ करण्यासाठी ४'.

शाईदौत, एक सांगतो. विटलेल्या शाईला नुसत्या ब्राइटनेसचा फायदा कमी. तो सगळ्या ठिपक्यांवर सारखीच भर घालतो. शाईही फिकी होते आणि कागदही. गॅमा हलवा. काळा काळाच राहतो, पांढरा पांढराच, मधलं तेवढं हलतं. एमपीव्हीत ५ आणि ६.

शाईदौत : आभार, हे टिपणात घालतोच. गॅमाला गॅमाच ठेवतो. पण ब्राइटनेस?

तांब्यापितळ : उजळपणा! उज्ज्वलपासून उजळ, आपल्या मातीत मुरलेला. क्रियापद हवं तर 'उजळणे' आहेच.

खडूफळा : आणि नाम 'उजळणी'? पोरं पाढे म्हणायला लागतील.

तांब्यापितळ : पण ताई, पाढ्यांची उजळणी भांड्यांवरूनच आलेली वाटते. तांब्याचं भांडं काळं पडतं, चिंच लावून घासलं की उजळतं. विसरलेला धडाही तसाच. मोडीचा कागद उजळणं हा त्या शब्दाचा सगळ्यात सुंदर वापर होईल, त्यात घासणंही आलं आणि आठवणंही.

घाटमाथा : उजळपणा मला तरी लग्नाच्या जाहिरातीतला वाटतो. 'वर्ण उजळ' वाचून आमच्या बहिणींनी काय सोसलंय ते आम्ही पाहिलंय. माझं मत 'उजेड'ला. उजेड कमी, उजेड जास्त. पोरापासून पणज्यापर्यंत सगळ्यांना कळतं.

ताराबळ : उजेड दिव्याचा असतो, चित्राचा नाही. आम्ही आकाश बघणारे ताऱ्याची 'तेजस्विता' म्हणतो आणि मोजायला 'प्रत'. शिवाय पडद्याचा ब्राइटनेस वेगळा, चित्राचा वेगळा. मॅकवर ऑप्शन आणि शिफ्ट धरून उजेडाची कळ दाबली की पाव पायरीने बदल होतो. पण तो पडद्याचा, फाइलमधला एकही ठिपका बदलत नाही. दोन्हींना एकच शब्द दिलात तर नवशिक्या पडदाच उजळत बसेल.

कलरलॅब : हा मुद्दा महत्त्वाचा. पडद्याला उजेड, चित्राला उजळपणा असं वाटून टाका.

शुद्धमती : वाटणी करायची तर नीट करा. आणि मघापासून 'कळ' काय? कळ पोटात येते. इथे 'कळफलकावरील लघुमार्ग' हवं.

मिरजकर : 'कळ दाबणे' शंभर टक्के मराठी आहे. लघुमार्ग मात्र रस्ते बांधणाऱ्यांच्या निविदेत शोभेल. शॉर्टकट म्हणा.

पाणंद : वऱ्हाडात माझ्या आजोळी दिव्याच्या बटणाला 'खटका' म्हणत. दाबला की आवाज येतो म्हणून खटका. की-बोर्डलाही चालेल, आवाज तर तोही करतो.

म्हापसेकर : आमच्याकडे कोकणीत बुतांव, पोर्तुगीज बोतांवपासून. मला तर मराठीतलं बटणही पोर्तुगीजांकडूनच आलं असं वाटतं, इंग्रजांच्या आधी सदरे त्यांनीच आणले.

शुद्धमती : वाटून भागत नाही. जुन्या कागदात बटण कुठे सापडतं ते दाखवा. शाईदौत, तुमच्या स्कॅनमध्ये कपड्यांच्या याद्या असतील ना?

शाईदौत : आहेत. एका यादीत बाराबंदी आणि शेले आहेत, बंदांचा हिशेबही आहे. पुढच्या पानांवर शाई फार उडालीय, ती वाचून झाली की लिहितो.