मदत हवी आहे: पहिली इंटर्नशिप कुठे करू? स्टुडिओ की छापखान्याचा प्रीप्रेस विभाग?

कानामात्रा

नमस्कार मंडळी,

मी ग्राफिक डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच्या मोठ्या सुट्टीत इंटर्नशिप करायची आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि दोघांनाही या आठवड्यात कळवायचं आहे, म्हणून घाईने धागा काढतेय. लांबलचक झाला तर सांभाळून घ्या.

पहिली जागा म्हणजे ब्रँडिंग करणारा एक लहान स्टुडिओ. त्यांचं काम मला मनापासून आवडतं. मानधन नाही, 'शिकायला भरपूर मिळेल' असं सांगितलं. करारात एक कलम आहे: तिथे केलेलं कुठलंही काम पोर्टफोलिओत दाखवायचं नाही. किती काळ, ते लिहिलेलं नाही. माझं काम रोज कोण बघणार, असं विचारलं तर 'इथे सगळे एकमेकांना मदत करतात' हे उत्तर मिळालं.

दुसरी जागा ऑफसेट छापखान्यातली, प्रीप्रेस विभागात. ग्राहकांच्या आलेल्या फायली तपासायच्या, दुरुस्त करायच्या, प्रूफ (छपाईआधीचा नमुना) काढायचं, छपाईच्या मोठ्या तावावर पानं लावायची. मानधन थोडं आहे, पण आहे. विभागप्रमुख स्वतः भेटले आणि माझ्या प्रकल्पाची फाईल उघडून त्यात काय काय छापता येणार नाही ते दाखवत बसले. (यादी मोठी होती.) स्वतःचं डिझाइन करायला मात्र जवळजवळ वाव नाही.

वर्गातल्या सगळ्यांचं म्हणणं, 'प्रीप्रेसला गेलीस की ऑपरेटरचा शिक्का बसेल, आणि पोर्टफोलिओत दाखवणार काय, दुसऱ्यांच्या चुका?'

मला पुढे पुस्तकं आणि मासिकांची मांडणी करायची आहे, तीही देवनागरीतली. सध्या पोर्टफोलिओत फक्त कॉलेजचे प्रकल्प आहेत: एक काल्पनिक साबण, एक काल्पनिक संग्रहालय, एक काल्पनिक अॅप. खऱ्या ग्राहकाचं एकही काम नाही.

तर कुठे जाऊ? स्टुडिओकडे ते कलम बदलून मागितलं तर उद्धटपणा दिसेल का? आणि एक मित्र म्हणतो, दोन्ही सोड, ऑनलाइन लोगो स्पर्धांत भाग घे, पोर्टफोलिओही भरेल आणि जिंकलीस तर पैसेही मिळतील. त्यात कितपत अर्थ आहे?

शाईकाम

प्रीप्रेस. माझी बरीच वर्षं त्याच टेबलावर गेली आहेत, तेव्हा मत एकतर्फी आहे असं धरूनच वाच.

पुस्तकं करायची म्हणतेस, मग फाईल पडद्यावरून कागदावर जाताना तिचं काय होतं ते बघायला हवं. कॉलेजचं काम लेझर प्रिंटच्या पुढे जात नाही, त्यामुळे हा भाग तिथे निसटतो. ऑफसेटमध्ये चार रंगांच्या चार प्लेटा असतात आणि कागद एकामागून एक चारही युनिटांतून जातो. जाताना केसभर तरी सरकतोच. बारीक मजकूर चारही रंग मिसळून काळा केला असेल तर त्या केसभरामुळे अक्षरांच्या कडेला गुलाबी-निळी झाक येते आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. म्हणून मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, १०० टक्के के (म्हणजे काळा), आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या के वर राखाडी दिसतो, तिथे सायन (निळा) वगैरे मिसळावा लागतो. मिसळताना चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज बघायची. आर्ट पेपरवर साधारण ३०० पर्यंत निभतं, न्यूजप्रिंटवर (वर्तमानपत्राच्या कागदावर) २४० च्या आसपास थांबावं लागतं. त्याच्या वर गेलं की शाई वाळत नाही आणि वर पडलेल्या कागदाच्या पाठीला डाग लागतो. नेमका आकडा त्या त्या छापखान्याला विचारायचा. विचारलं की तिथली माणसं खूश होतात, कारण कुणी विचारत नाही.

पांढऱ्या अक्षरांवर ओव्हरप्रिंट चुकून राहिलं तर ती पडद्यावर दिसतात आणि छपाईत गायब होतात. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू करून बघायची सवय त्या टेबलावर बसल्याशिवाय लागत नाही.

मग पानं. मधे पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीतच हवीत, तरी २२ पानांच्या फायली येतच राहतात. पुस्तिका जाड असेल तर घडी घातल्यावर आतली पानं बाहेर सरकतात आणि कापताना त्यांचा बाहेरचा समास खाल्ला जातो. पृष्ठांक अगदी कडेला टाकणारा डिझायनर हे एकदा पाहतो आणि मग जन्मभर पृष्ठांक आत घेतो. ३ मिमी ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) सगळे पाठ करतात, पण कापणीचं यंत्र चालताना पाहिलं की ते का लागतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

तुझ्या वर्णनात मला सगळ्यात मोलाचं काय वाटलं सांगू? त्या विभागप्रमुखांनी होकार देण्याआधीच तुझी फाईल उघडली. असा माणूस सोडू नये.

पांढरी_जागा

शाईकाम यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मी प्रकाशनांची मांडणी करणाऱ्या एका गटात आहे आणि नवीन मुलांच्या मुलाखती घेते. इंटर्नशिप निवडताना जागेचं नाव दुय्यम. तुझं काम रोज कोण बघणार आणि 'हे असं का केलंस' कोण विचारणार, हे पहिलं. स्टुडिओने या प्रश्नाला जे गुळमुळीत उत्तर दिलं त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'कुणीच नाही' असा असतो.

कलम बदलून मागणं हा अजिबात उद्धटपणा नाही. मेलवर सरळ लिही: 'काम प्रसिद्ध झाल्यानंतर, त्यातला माझा वाटा नेमका नमूद करून ते पोर्टफोलिओत दाखवण्याची परवानगी मिळावी.' ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर प्रसिद्धीपूर्वी बंदी रास्त आहे. बाजारात येऊन सगळ्यांनी पाहिलेलं काम तू मात्र कधीच दाखवायचं नाही, याला कारण विचारायचा हक्क तुला आहे. मानधनाचंही तसंच. तुझं काम ग्राहकाच्या बिलात जाणार असेल तर ते शिकणं राहत नाही, ते काम झालं आणि त्याचे पैसे व्हायला हवेत. नुसतं बघायला, सरावाला बसवणार असतील तर गोष्ट वेगळी. कोणतं ते विचार.

प्रीप्रेसचं काम पोर्टफोलिओत कसं दाखवायचं: ग्राहकाची फाईल दाखवायची नाही, 'आधी आणि नंतर' करूनसुद्धा नाही. ती तुझी नाही आणि छापखान्याचीही नाही. त्यापेक्षा तिथे असतानाच स्वतःची एक १६ पानी पुस्तिका रच. १६ पानं एका मोठ्या तावावर दोन्ही बाजू मिळून बसतात, म्हणजे पानं लावण्यापासून घडीपर्यंत सगळं तुझ्या हातून जाईल. दुसऱ्या कामाच्या तावावर कोरी जागा उरते तेव्हा छोटं काहीतरी सोबत छापून मिळतं, पण परवानगी घेऊनच. पोर्टफोलिओत ग्रिड (पानाची आखणी), खुणा केलेलं प्रूफ आणि छापील प्रत असे तीन फोटो लाव आणि प्रूफनंतर काय बदललं आणि का, ते दोन ओळींत लिही. माझ्यासमोर असं एक पान आलं तर तिन्ही काल्पनिक प्रकल्प मी न उघडता पुढे जाईन.

मुलाखतीत मी पोर्टफोलिओइतकीच मूळ फाईलही बघते. शीर्षकं पॅराग्राफ स्टाइलने (एकदाच ठरवून सगळीकडे लागू होणाऱ्या रूपाने) केली आहेत की प्रत्येक ठिकाणी हाताने आकार बदललाय? मास्टर पानं (सगळ्या पानांचा सामाईक साचा) वापरली आहेत का? २०० पानांच्या पुस्तकात लेखकाने शेवटच्या क्षणी उपशीर्षकं बदलायला सांगितली की याच गोष्टींवर रात्र वाचते किंवा जाते.

तिरपा_टाक

सगळे एका बाजूला झुकलेत म्हणून उलट बाजू मांडतो.

फायली दुरुस्त करणारा माणूस दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयावर काम करतो. ब्रीफ (ग्राहकाला काय हवं ते) ऐकणं, ग्राहक 'जरा उठावदार करा' म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय खटकतंय ते काढून घेणं, मत तिसऱ्यांदा बदललं की काय सोडायचं आणि कशावर अडून बसायचं, हे प्रीप्रेसमध्ये शिकायला मिळत नाही. ते स्टुडिओत मिळतं, अर्थात तुला मीटिंगमध्ये बसू देणार असतील तरच. तेही विचारून घे. शिवाय छापखान्याकडे पुस्तकांचं काम किती येतं? दिवसभर व्हिजिटिंग कार्डं आणि औषधांची खोकी येत असतील तर शाईकाम यांनी सांगितलेल्यातलं निम्मंच वाट्याला येईल.

लोगो स्पर्धांबद्दल मात्र दुमत नाही. ढीगभर लोक पूर्ण काम करून देतात आणि पैसे एकाला मिळतात. ग्राहकाशी बोलायला मिळत नाही, का नाकारलं ते कळत नाही. काही ठिकाणी नुसतं काम पाठवलं तरी हक्क त्यांच्याकडे जातात, अटी नीट वाच. त्यापेक्षा ओळखीतल्या एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल घे. कमी पैशात घे हवं तर, पण किती दुरुस्त्या, कोणत्या तारखेला मजकूर मिळणार आणि काम मध्येच थांबलं तर किती द्यायचे, एवढं लिहून घे.

रेघोट्या

एक भर घालतो. कॉलेजात पेन ड्राइव्हवरून फिरणारे फॉन्ट खऱ्या कामात वापरू नकोस. परवाना नसलेला फॉन्ट ग्राहकाच्या गळ्यात पडतो आणि मग तुझ्याही. सुरुवातीला ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट घे, व्यावसायिक कामाला चालतात. देवनागरीत 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू त्याच परवान्याखाली आहेत.

कानामात्रा

सगळ्यांचे खूप आभार, विशेषतः शाईकाम काका आणि पांढरी_जागा ताई. (काका म्हटलेलं चालेल ना?)

दोन्हीकडे विचारलं. स्टुडिओचं उत्तर आलं: प्रसिद्ध झालेलं काम दाखवायला हरकत नाही, करारात बदल करू. म्हणजे विचारायला हवंच होतं. पण माझं काम थेट ग्राहकांच्या प्रकल्पांत जाणार आहे आणि तरी मानधन नाही. मीटिंगमध्ये बसता येईल का, याचं उत्तर 'बघू'.

छापखान्याकडे पुस्तकं आणि दिवाळी अंक येतात, त्यातलं बरंच मराठी. १६ पानी पुस्तिकेचं विचारलं तर म्हणाले, तावावर जागा मिळाली की बसवू, पण फाईल तपासणीतून गेली तरच. तर मी तिथे होकार कळवलाय. तिरपा_टाक यांचा मुद्दा पटतो, म्हणून वार्षिक अहवालाचं एक काम वर्ष सुरू झाल्यावर स्वतंत्रपणे शोधणार आहे.

आता पुढचा प्रश्न. तिथे म्हणाले की येणाऱ्या फायलींत सगळ्यात जास्त वेळ तुटलेल्या मराठी मजकुरात जातो. जाण्याआधी काय बघून ठेवू?

शाईकाम

काका चालेल.

इनडिझाइनमध्ये (पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर) आधी कंपोजर, म्हणजे अक्षरं-ओळी जुळवणारं सेटिंग, बघायचा. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर लावलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. सेटिंग बदललं की बहुतेक वेळा सगळं जागेवर येतं. मजकूर पुन्हा टाइप करायला घेऊ नकोस, नवीन मुलं हमखास तेच करतात.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर ही वेगळी गोष्ट आहे. त्यात आत रोमन अक्षरंच असतात, वरून फक्त देवनागरी रूप दिलेलं असतं. फॉन्ट नसला की पानभर अगम्य रोमन दिसतं. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणता येतं, पण नंतर मूळ छापील प्रतीशी ताडून बघायला हवं. रफार आणि 'ऱ्या' इथे सगळ्यात जास्त चुका निघतात.

आउटलाइन केलेल्या (मजकुरातून नुसत्या आकारांत बदललेल्या) अक्षरांना कड दिली की शिरोरेषेवर जोडाच्या उभ्या रेघा दिसतात, कारण देवनागरीची अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पाथफाइंडरमधल्या युनाइटने (आकार जोडणाऱ्या आज्ञेने) ती एकत्र करायची, आणि आउटलाइन करण्याआधीची फाईल वेगळ्या नावाने ठेवायची. नाहीतर ग्राहकाने एक अनुस्वार वाढवायला सांगितला की पंचाईत.

सरावाला ही ओळ घे: ऱ्हस्व, दुसऱ्या, कार्यकर्ते, हृदय, शृंगार, वाङ्मय, स्त्रीत्व, उद्‌घाटन. तुझ्याकडच्या प्रत्येक फॉन्टमध्ये १० पॉइंटला लावून पीडीएफ काढ आणि कागदावर छापून बघ. जो शब्द एकाच फॉन्टमध्ये तुटतो तिथे दोष फॉन्टचा, सगळ्यांत तुटतो तिथे सेटिंगचा.