महापालिकेच्या तक्रारी ऐकायला पुण्याला वेगळा लोकपाल हवा का?

सिंहगडरोडकर

महापालिकेकडे तक्रार केली, कुणी दाद दिली नाही, मग जायचं कुठे? नगरसेवकाकडे, नाहीतर कुणाच्या तरी ओळखीने साहेबांच्या केबिनमध्ये. ज्याची ओळख नाही त्याने काय करायचं हा माझा प्रश्न आहे. माझं मत सरळ आहे, केरळसारखा फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल महाराष्ट्रात हवा आणि त्याचं एक ऑफिस पुण्यात हवं. केरळात हे 2000 मध्ये सुरू झालं, आधी सात जणांचं मंडळ होतं, नंतर एकाच निवृत्त न्यायाधीशांकडे दिलं. ग्रामपंचायत असो वा कॉर्पोरेशन, तक्रार तिथे जाते, आणि नुसतं 'लक्ष घाला' असं पत्र नाही तर भरपाई द्यायला लावण्याचे आणि झालेलं नुकसान वसूल करायचे अधिकार आहेत.

लोकायुक्त आहेत की, असं कुणी म्हणायच्या आधीच सांगतो. आहेत, आणि ही व्यवस्था देशात सगळ्यात आधी सुरू केली ती आपल्याच राज्याने, 1971 चा कायदा, 1972 पासून काम. पण ऑफिस मुंबईत मंत्रालयापाशी आणि लोकायुक्त-उपलोकायुक्त मिळून अख्ख्या राज्याचा कारभार बघणार, मंत्र्यांपासून खालच्या कर्मचाऱ्यापर्यंत. त्यात धायरीतल्या तुंबलेल्या ड्रेनेजचा नंबर कधी लागायचा? आणि मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाकडे, तेव्हा तर विचारायला माणूसच नव्हता. मला त्या काळाचा आजही राग येतो.

पेठेतला नाना

पूर्ण विरोध. आणखी एक निवृत्त न्यायाधीश, आणखी एक बंगला-गाडी, आणखी एक आवक-जावक क्रमांक. आहे ते आधी वापरा ना. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, त्यात मुदत ठरलेली, मुदतीत सेवा दिली नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. किती जण अपिलात जातात? शिवाय सोमवारी दुपारी 3 ते 5 महापालिकेत जाऊन फाइल बघता येते, माहिती अधिकारात अर्ज न करता, ही सोय पुण्याने सुरू केली आणि मग 2018 मध्ये सरकारने राज्यभर लागू केली. अशा शहरात राहून आपण म्हणायचं की दाद मागायला जागा नाही?

सिंहगडरोडकर

नाना, त्या कायद्यात अधिसूचित केलेल्या सेवाच येतात, म्हणजे जन्माचा दाखला, विवाह नोंदणी, नळजोड असं. अर्ज केला, दाखला मिळाला नाही, अपील केलं, इथपर्यंत ठीक. पण पाणी कमी दाबाने येतंय, कचऱ्याची गाडी येत नाही, खोदलेला रस्ता तसाच पडलाय, याला अर्जाचा नमुना कुठला? माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

रिटायर्ड जेई

मी महापालिकेत नव्हतो पण जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून अशाच खात्यांत आयुष्य गेलं म्हणून बोलतो. तक्रार का अडकते हे बाहेरून कळत नाही. पुण्यात 12 मीटरपेक्षा लहान रस्ता क्षेत्रीय कार्यालयाचा, मोठा रस्ता मुख्य पथ विभागाचा. त्याच रस्त्यात ड्रेनेजचं चेंबर खचलं तर मलनिःसारण, केबलसाठी खोदला असेल तर खोदणारी कंपनी, आणि हायवेचा सर्व्हिस रोड असेल तर केंद्राचं खातं, जिथे तुमचा राज्याचा लोकपाल काहीच करू शकणार नाही. कॅन्टोन्मेंटचंही तेच. तक्रार करणारा बिचारा एकच आणि टेबलं पाच. त्यात महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 गावं आली, 2021 मध्ये 23 आली, क्षेत्रफळाने आपण मुंबईच्या पुढे गेलो, पण त्या प्रमाणात ज्युनिअर इंजिनिअर वाढले का? लोकपाल आदेश काढेल आणि तो आदेश येणार परत त्याच एका पोराच्या टेबलावर, ज्याच्याकडे आधीच तीन गावं आहेत. मला त्या पोराची काळजी वाटते, आणि हे मी मनापासून सांगतोय.

बाणेरची मृणाल

काका, तुमचा मुद्दा पटला पण त्यातूनच माझं मत उलटं निघतं. काही वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडमध्ये होतो, तिथे कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, तक्रारींसाठी वेगळा ओम्बुड्समन म्हणजे लोकपाल आहे, 1974 च्या कायद्यापासून. तिथे थेट जाता येत नाही, आधी कौन्सिलकडे तक्रार करायची, त्यांना उत्तर द्यायची संधी द्यायची, मग जायचं, तेही साधारण 12 महिन्यांच्या आत. तो निर्णय बरोबर की चूक हे बघत नाही, पद्धत चुकली का आणि त्यामुळे तुमचं काही नुकसान झालं का एवढंच बघतो. म्हणजे कौन्सिलने झाड तोडायला परवानगी का दिली हे नाही, पण शेजाऱ्यांना नोटीस द्यायची होती ती दिली का, पत्राला सहा महिने उत्तर का नाही, हे बघतो.

आणि त्याची शिफारस बंधनकारक नाही!! तरी कौन्सिलं 99 टक्क्यांच्या आसपास ती पाळतात, कारण तक्रारदाराचं नाव-गाव झाकून निर्णय नेटवर टाकतात आणि मोठा अहवाल निघाला तर कौन्सिलला स्थानिक पेपरात जाहीर करावं लागतं. पाच टेबलांपैकी तक्रार कुठे थांबली हे लिहून जाहीर होतं ना, मग त्या एका पोरावर खापर फुटत नाही, माणसं कमी आहेत हेही त्यातूनच समोर येतं.

पेठेतला नाना

मृणालताई, तिकडची गोष्ट तिकडे. इथे लोकायुक्तांचीही शिफारसच असते, ऐकली नाही तर विशेष अहवाल राज्यपालांकडे, तिथून विधिमंडळापुढे. कायद्यात सगळं आहे. तुम्ही कधी एखाद्या महापालिकेबद्दलच्या अशा अहवालावर चौकात चर्चा ऐकलीये? मी नाही ऐकली. शरम वाटावी म्हणून आधी वाचणारे पाहिजेत. त्यापेक्षा कोर्ट बरं. ऑक्टोबर 2025 मध्ये हायकोर्टाने सांगितलं, खड्ड्याने माणूस गेला तर 6 लाख, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख, आणि ते पैसे जबाबदार असेल त्याच्याकडून वसूल करा. याला म्हणतात दात.

नव्या हद्दीतला

नाना माणूस गेल्यावरचे सहा लाख नकोत हो. जानेवारी 2025 ला जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे, पेशंट सिंहगड रोडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे सापडायला लागले तेव्हा विहिरीच्या पाण्यावर सगळे बोलायला लागले, मंत्री आले, टीम आल्या. त्याच्या आधी पाण्याबद्दल कुणी लिहून तक्रार केली असेल तर ती कुणी एकत्र करून बघितली का, एकाच पट्ट्यातून इतक्या तक्रारी का येतात असं कुणी विचारलं का? सुट्या सुट्या तक्रारी सुट्या सुट्या बंद करतात. माझ्या सासुरवाडीला एका छोट्या नगरपरिषदेत मेव्हण्याची गटाराची तक्रार 'निकाली' झाली, खाली फोटो जोडलेला तो दुसऱ्याच गल्लीचा, आणि बंद झालेली तक्रार परत उघडायची सोयच नाही. कुणीतरी वरून बघणारा पाहिजेच, मग त्याला लोकपाल म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

रिटायर्ड जेई

तक्रार बंद करायचा अधिकार काम करणाऱ्याकडेच असतो ही चूक आहे, हे मान्य. ज्याने तक्रार केली त्याच्या होकाराशिवाय बंद होऊ नये. पण एवढ्यासाठी नवीन कायदा कशाला, सॉफ्टवेअरमध्ये एक बदल पुरे.

सिंहगडरोडकर

काका तो बदल कुणी करायचा? ज्यांचे आकडे त्यामुळे खराब दिसणार त्यांनीच ना, म्हणून बाहेरचा माणूस मागतोय. माझी मागणी परत नीट मांडतो. पाणी आणि ड्रेनेजच्या तक्रारीला 7 दिवसांत लेखी उत्तर, बाकीला 30. उत्तर नाही आलं तर तो नकार धरायचा आणि थेट लोकपालाकडे, फी नाही, वकील नाही, मराठीत साध्या कागदावर. आणि प्रत्येक निकाल क्षेत्रीय कार्यालयाच्या बाहेर बोर्डावर लागला पाहिजे, नेटवर तर हवाच. दंडाचा अधिकार नाही मिळाला तरी चालेल मला.

पेठेतला नाना

7 दिवसांचं लेखी उत्तर आणि बाहेरचा बोर्ड, या दोन्ही गोष्टी आयुक्त एका परिपत्रकाने उद्या करू शकतात. त्याच्यासाठी सही गोळा करा, पहिली सही माझी. लोकपालाच्या अर्जावर मात्र करणार नाही.

बाणेरची मृणाल

आणि आयुक्तांची बदली झाली की परिपत्रकाचं काय होतं नाना?