रॉकेट्सचा पराभव: याला दुर्दैव म्हणायला मी तयार नाही

ह्यूस्टनकर (२९ मे २०१८)

काल आपण रॉकेट्स एनबीए या बास्केटबॉल लीगच्या कॉन्फरन्स फायनलची, म्हणजे पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेची, सातवी आणि शेवटची मॅच हरलो. १०१-९२. तीही आपल्याच टोयोटा सेंटरमध्ये, हाफटाइमला ५४-४३ अशी आघाडी असताना. जिंकलो असतो तर १९९५ नंतर पहिल्यांदा एनबीएची फायनल खेळलो असतो. समोर पुन्हा गोल्डन स्टेट वॉरियर्स. २०१५ आणि २०१६ मध्येही त्यांनीच आपल्याला बाहेर काढलं होतं.

ज्यांनी मॅच पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपण ४४ थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारले, त्यातले ७ बसले. मधे सलग २७ चुकले. दुसऱ्या क्वार्टरमध्ये सुरू झालेली रांग चौथ्यात जाऊन तुटली. आपल्या खेळाडूंत हार्डन १३ पैकी २, गॉर्डन १२ पैकी २, अरिझा ९ पैकी शून्य. तिसरा क्वार्टर ३३-१५ असा गेला आणि मॅच तिथेच गेली.

सकाळपासून जो भेटतोय तो "बॅड लक" म्हणतोय. नाही! पहिले आठ-दहा चुकले तोवर मी नशीब मानेन. पण पंधरावा, अठरावा, बाविसावाही तसाच? टाइमआउट घेऊन कोच डी'अँटोनींनी एवढंच सांगायचं होतं, की पुढची पाच मिनिटं चेंडू आत न्या. आपल्या कपेलाने २० गुण केले, सगळे रिंगजवळून. हार्डनइतके समोरच्याचे फाउल आणि त्यावरचे फ्री थ्रो या लीगमध्ये कोणी मिळवत नाही. हे सगळं हाताशी असताना आपण लांबूनच फेकत राहिलो.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. शनिवारी सहाव्या मॅचमध्ये हाफटाइमला ६१-५१ पुढे होतो, दुसरा हाफ ६४-२५ ने हरलो. लागोपाठ दोन मॅचमध्ये दहा-अकरा गुणांची आघाडी घालवणाऱ्या संघाला माझ्या लेखी एकच शब्द आहे, हट्टी. ६५ मॅच जिंकून लीगमध्ये पहिला आलेला संघ असा हरला याचा मला प्रचंड राग आलाय.

गणिती

पूर्ण असहमत. राग समजू शकतो, निष्कर्ष चुकीचा आहे.

ज्या ६५ विजयांचा तुम्हाला अभिमान आहे ते याच पद्धतीने आलेत. मोसमभर रॉकेट्सनी मॅचमागे ४२ च्या वर थ्री मारले, दोन गुणांच्या शॉट्सपेक्षा जास्त. असं याआधी कुठल्याच संघाने केलं नव्हतं. ३६ टक्के बसले, म्हणजे एका थ्रीमागे साधारण १.०८ गुण. मधल्या अंतरावरून ४० टक्के बसवणाऱ्या खेळाडूला शॉटमागे ०.८ मिळतात. जनरल मॅनेजर मोरींनी संघ बांधताना हाच हिशेब धरलाय आणि तो बरोबर आहे.

३६ टक्क्यांचा संघ सलग २७ चुकवण्याची शक्यता काढा. ०.६४ ला स्वतःनेच २७ वेळा गुणा. सुमारे पावणेदोन लाखांत एक येते. याला दुर्दैव नाही तर काय म्हणायचं? ४४ पैकी ११ बसले असते, म्हणजे फक्त २५ टक्के, तरी १०४ गुण झाले असते. एवढ्या वाईट शूटिंगवरही वॉरियर्सना हरवलं असतं.

ह्यूस्टनकर

@गणिती, तुमच्या गुणाकारात प्रत्येक शॉट स्वतंत्र धरलाय. मैदानावर तसं नसतं. एक चुकला की पुढचा मारणाऱ्याच्या खांद्यावर ओझं येतं. शिवाय चुकलेल्या थ्रीचा खर्च शून्य धरताय तो कसा? लांबचा शॉट रिंगला लागून लांबच उडतो, रिबाउंड समोरच्याच्या हातात पडतो आणि वॉरियर्सचे करी-ड्युरंट पळत सुटतात. आपला डिफेन्स मागे येऊन उभा राहायच्या आत पलीकडे बास्केट. ते गुण कुठल्या रकान्यात लिहिणार?

बेएरियाकर

मी वॉरियर्सवाला, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

ह्यूस्टनकर, तुमच्या रागात तुम्ही समोरच्या संघाला मोजतच नाही आहात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये उसळी मारणं ही आमच्या संघाची जुनी सवय आहे. काल करी पेटला, ड्युरंटने ३४ केले, आम्ही ३९ पैकी १६ थ्री बसवले. "आत न्या" म्हणणं सोपं आहे. आत आमचा ग्रीन उभा होता, आणि तो तिथे असला की लेअपसुद्धा घाबरत मारावा लागतो.

सगळे रॉकेट्सच्या क्रिस पॉलच्या दुखापतीबद्दल बोलतात. बरोबरच आहे. पण आमचा इग्वोडाला चौथ्या मॅचपासून बाहेर होता, त्याचा उल्लेख कोणी करत नाही.

पहाटेचा प्रेक्षक

पुण्याहून. सकाळी साडेसहाला लावून बसलो होतो, ऑफिसला उशिरा गेलो.

इग्वोडालाची आणि पॉलची बरोबरी करू नका राव. पाचवी मॅच ९८-९४ ने जिंकलो, मालिकेत ३-२ पुढे गेलो, आणि शेवटच्या मिनिटात पॉलची मांडी गेली. मधल्या अंतरावरून हमखास बसवणारा आपला एकच माणूस तो. ह्यूस्टनकर थ्रीशिवाय जो दुसरा मार्ग मागतायत तो मार्ग म्हणजेच पॉल होता. तो सूट घालून बेंचवर बसलेला. तेहतीस वर्षांचा खेळाडू, कारकिर्दीत पहिल्यांदा कॉन्फरन्स फायनलला पोचलेला, आणि नेमकं हे. मला त्याच्यासाठी जास्त वाईट वाटतं.

आणि पंचांबद्दल कोणीच कसं बोलत नाही? हार्डनच्या थ्रीवर हाताला लागलेलं स्पष्ट दिसत होतं, शिट्टी नाही.

बेएरियाकर

पंच आमच्या बाजूने असते तर आमच्या क्ले थॉम्पसनवर पहिल्याच क्वार्टरमध्ये तीन फाउल लागले नसते.

जुना पॉइंट गार्ड

नागपूरला विद्यापीठाकडून खेळलो, नंतर बरीच वर्षं पोरांना शिकवलं. त्या नजरेने पाहिलं ते सांगतो.

नशीब की हट्ट, हा वादच मला अपुरा वाटतो. चुकलेले शॉट परत लावून बघा. बरेचसे आखूड पडलेत, रिंगच्या पुढच्या कडेला. शॉट डावी-उजवीकडे गेला तर हात बघायचा, आखूड पडला तर पाय. थ्री हातातून सुटतो पण निघतो गुडघ्यातून. आमचे सर हेच ओरडून सांगायचे.

आता बघा, अरिझा आणि टकर मालिकाभर आळीपाळीने ड्युरंटच्या अंगाला चिकटून खेळले. हार्डन दर वेळी एकटा चेंडू घेऊन समोरच्याला भिडायचा, आणि पॉल गेल्यावर ते सगळं ओझं त्याच्या एकट्यावर आलं. डी'अँटोनी मोजक्याच सात-आठ जणांवर भिस्त ठेवतात, ही त्यांची जुनी पद्धत. मे महिन्याच्या शेवटी सातव्या मॅचच्या दुसऱ्या हाफमध्ये त्या पायांत काही उरलं नसेल तर नवल नाही.

परवा बोस्टनचं काय झालं? क्लीव्हलंडविरुद्ध पूर्व विभागाच्या फायनलची सातवी मॅच, घरच्या मैदानावर, ३९ पैकी ७ थ्री. ८७-७९ ने हरले. लागोपाठ दोन रात्री दोन संघ तेच करतात तेव्हा मला पावणेदोन लाखांत एक हा आकडा पटत नाही.

गणिती

@जुना पॉइंट गार्ड, बोस्टनचा मुद्दा चांगला आहे. दमल्यामुळे टक्केवारी ३६ वरून ३० वर आली असं धरू. तरी सलग २७ चुकणं दुर्मीळच राहतं, सुमारे पंधरा हजारांत एक. आणि दमलेला संघ आत ड्राइव्ह करून धक्के खात खेळणार कसा? उलट उभं राहून मारलेला मोकळा थ्रीच त्यातल्या त्यात कमी श्रमाचा. थकव्याचा मुद्दा ह्यूस्टनकरांच्या विरोधात जातो.

जुना पॉइंट गार्ड

धक्का खाल्ला की फ्री थ्रो मिळतो. घड्याळ थांबतं, बाकीचे चौघे श्वास घेतात, डिफेन्स लावायला वेळ मिळतो. दमलेल्या संघाला फ्री थ्रोच्या रेषेवर नेणं हे कोचचं काम आहे.

मृदुला_केटी

अरिझाचा "शून्य" सगळीकडे फिरतोय म्हणून लिहिते. इथेही पहिल्याच पोस्टमध्ये आहे. ड्युरंटला रोखण्यात ज्याने स्वतःला झिजवलं त्याच्या नावासमोर फक्त तेवढा एक आकडा ठेवणं अन्याय आहे. त्याने आणि टकरने डिफेन्स केला नसता तर चौथी मॅच ९५-९२ अशी जिंकलोच नसतो, आणि सातवीपर्यंत गेलोच नसतो. त्याच्याआधीची मॅच ४१ गुणांनी हरलो होतो हे विसरू नका.

गेल्या ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळाचं पाणी आमच्या कितीतरी ओळखीच्यांच्या घरांत होतं. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅस्ट्रोजनी बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा या शहराने किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला ते इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. या मुलांनी ऑक्टोबरपासून तेच पुढे चालू ठेवलं होतं. हरले म्हणून मी त्यांना हट्टी म्हणणार नाही.

ह्यूस्टनकर

मृदुलाताई, अरिझाला दोष देत नाहीये. नऊ वेळा त्याच्याच हातात तो शॉट देणाऱ्या योजनेला देतोय. थकलेल्या माणसाला कोपऱ्यात उभं करून "मार" म्हणत राहणं हा त्याच्यावरही अन्यायच आहे.

@गणिती, सरासरी मला मान्य आहे. ८२ मॅचच्या मोसमाला ती पुरते. पण सातव्या मॅचला पुढची मॅच नसते, सरासरी भरून काढायला वेळच नसतो. तिथे सगळे गुण एकाच जागेवर लावणाऱ्या संघाला तो मार्ग बंद झाल्यावर दुसरा असायलाच हवा. आपला दुसरा मार्ग एका माणसाच्या मांडीवर अवलंबून होता, आणि ही संघबांधणीतलीच चूक आहे.

या उन्हाळ्यात पॉल आणि अरिझा दोघांचेही करार संपतायत. मोरींनी पॉलला ठेवावं, अरिझाला ठेवावं, आणि थ्री बसत नसताना मधून बास्केट करणारा आणखी एक जण आणावा. नुसते शूटर आणले तर पुढच्या मे महिन्यातही आपण आघाडी घेऊन हरू.

गणिती

अरिझाबद्दल सहमत. मधून मारणाऱ्याबद्दल अजिबात नाही. ते पैसे आणखी एका दमदार डिफेंडरवर घाला, म्हणजे शूटरचे पाय शाबूत राहतील.